मनगटावरची पाणबुडी

दिवसभर एसीत बसणारा, संध्याकाळी लोकलच्या दारात लटकणारा आणि पोहायला गेलाच तर सोसायटीच्या तलावात कमरेइतक्या पाण्यात उतरणारा माणूस मनगटावर २०० मीटर खोलीचं डायव्हर घड्याळ का बांधतो? आणि बांधायचंच, तर त्यातही टायटॅनियमचं का? गंमत अशी, की ज्या आकड्यांवर भाळून आपण हे घड्याळ घेतो ते आकडे जन्मात कामाला येत नाहीत. जाहिरातीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापलेल्या गोष्टी मात्र रोज उपयोगी पडतात. म्हणून घड्याळ घेण्याआधी त्याची कुंडली एकदा मांडून पाहू.

१. शोध लावला पाद्रीबाबांनी

इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये विल्यम ग्रेगर नावाच्या पाद्र्याला खनिजांचा भारी नाद. १७९१ मध्ये मॅनॅकन गावच्या ओढ्यातली काळी वाळू तपासताना त्यांना तिच्यात एक अनोळखी मूलद्रव्य असल्याचं दिसलं. चार वर्षांनी जर्मनीत मार्टिन क्लाप्रोट यांना तेच स्वतंत्रपणे सापडलं आणि बारसंही त्यांनीच केलं. पण शुद्ध धातू हाती यायला १९१० साल उजाडलं. अमेरिकेत मॅथ्यू हंटर यांनी तो वेगळा केला तेव्हा मूळ शोधाला ११९ वर्षं झाली होती.

२. वाळू ढीगभर, धातू महाग

पृथ्वीच्या कवचात टायटॅनियम काही दुर्मीळ नाही, मुबलकतेत त्याचा नववा क्रमांक लागतो. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू दिसते ना, तिच्यात टायटॅनियमचं खनिज इल्मेनाइट असतं. तुमच्या भिंतीवरच्या पांढऱ्या रंगात आणि सनस्क्रीनच्या ट्यूबमध्ये टायटॅनियमचंच ऑक्साइड असतं. आतषबाजीतल्या पांढऱ्याशुभ्र ठिणग्यांसाठीही टायटॅनियमची पूड वापरतात.

मग महाग का? कारण ऑक्सिजनची संगत तो सहजासहजी सोडत नाही. लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोल यांनी शोधलेली पद्धत आजही वापरात आहे. खनिजापासून आधी टायटॅनियम टेट्राक्लोराइड बनवायचं, मग हवाबंद भांड्यात प्रचंड तापमानाला मॅग्नेशियमबरोबर त्याची प्रक्रिया घडवायची. हाताला लागतो तो स्पंजसारखा सच्छिद्र धातू. तो वितळवून त्याच्या लाद्या ओतायच्या. त्या कापायला घ्याव्यात तर उष्णता धातूतून पुढे पसरत नाही, हत्याराच्या टोकाशी साठते आणि धार झटपट बोथट होते. आपल्याकडे केरळात चवऱ्याला २०११ पासून असा स्पंज बनवणारा कारखाना आहे. इस्रोच्या मदतीनं उभा राहिलेला.

३. शत्रूच्याच घरचं सामान

अमेरिकेचं एसआर-७१ ब्लॅकबर्ड हे हेरगिरीचं विमान जवळजवळ सगळं टायटॅनियमचं होतं. त्यासाठी लागणारा कच्चा माल पुरेसा होता तो सोव्हिएत संघाकडे, म्हणजे ज्यांच्यावर पाळत ठेवायची त्यांच्याकडेच! शेवटी मधे भलत्याच कंपन्या उभ्या करून तो आणला गेला. सोव्हिएत मंडळी तरी कुठे गप्प होती? त्यांनी टायटॅनियमच्या अख्ख्या पाणबुड्या बांधल्या. त्यांतल्या एकीनं पाण्याखाली ४४.७ नॉट, म्हणजे ताशी जवळपास ८३ किलोमीटर वेग गाठला. हा विक्रम अजून अबाधित आहे. तेव्हा टायटॅनियमचं घड्याळ घालणाऱ्यानं मनगटावर पाणबुडी बांधली आहे असं म्हटलं, तर ती अगदीच थाप नाही.

४. पहिला मान जपानचा

टायटॅनियमचं जगातलं पहिलं मनगटी घड्याळ १९७० मध्ये सिटिझननं काढलं, नाव एक्स-८ क्रोनोमीटर. चंद्रावर माणूस उतरून वर्ष झालं होतं आणि अवकाशयानांत वापरला जाणारा धातू मनगटावर यावा अशी हौस तेव्हा हवेतच होती. पण ते डायव्हर घड्याळ नव्हतं. टायटॅनियम पाण्यात उतरलं ते एका तक्रारपत्रामुळे.

५. एका पत्रापायी सात वर्षं

१९६८ मध्ये हिरोशिमा प्रांतातल्या कुरे इथल्या एका व्यावसायिक पाणबुड्यानं सैकोला पत्र लिहिलं. मथितार्थ असा, की आम्ही साडेतीनशे मीटर खोलीवर काम करतो आणि तुमची घड्याळं तिथे तग धरत नाहीत. एवढ्या खोलीवर काम करणारे लोक हेलियममिश्रित हवेच्या दाबाखालच्या कोठडीत दिवसच्या दिवस राहतात. हेलियमचे कण इतके बारीक, की रबरी वॉशरमधूनही ते घड्याळात शिरतात. वर येताना बाहेरचा दाब उतरतो, आतला वायू अडकून पडतो आणि काच उडते.

इतर कंपन्यांनी यावर तोडगा म्हणून वायू बाहेर सोडणारी झडप बसवली. सैकोच्या इकुओ तोकुनागा यांच्या चमूनं उलटा विचार केला. वायू आत शिरूच द्यायचा नाही! एका अखंड तुकड्यातून कोरलेली टायटॅनियमची केस, इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचं गॅस्केट, वरून सिरॅमिकचा लेप दिलेलं संरक्षक कडं. पाणबुड्याचा पोशाख खोलवर आक्रसला तरी घट्ट बसावा म्हणून पट्टाही हार्मोनियमच्या भात्यासारखा चुण्यांचा. १९७५ मध्ये ६०० मीटरचं हे घड्याळ बाजारात आलं. टायटॅनियमचं जगातलं पहिलं डायव्हर ते हेच. दिसायला इतकं बोजड, की चाहत्यांनी त्याचं नाव ठेवलं टूना कॅन, म्हणजे माशांचा डबा.

६. सुरुंगाला चाहूल लागू नये

समुद्रातले काही सुरुंग चुंबकीय क्षेत्रात जराशी उलथापालथ झाली की फुटतात. अशा सुरुंगापाशी काम करणाऱ्याच्या हातात लोखंडी भाग असलेलं घड्याळ म्हणजे विषाची परीक्षा. आयडब्ल्यूसीनं १९८२ मध्ये पोर्शे डिझाइनबरोबर टायटॅनियमचं ओशन २००० आणलं. त्याची लष्करी आवृत्ती जर्मन सैन्यासाठी होती आणि सुरुंग निकामी करणाऱ्या पाणबुड्यांसाठी तिच्या आतली यंत्रणाही चुंबकाला दाद न देणाऱ्या धातूंची केली होती.

इथे एक गैरसमज काढून टाकू. टायटॅनियम स्वतः चुंबकाला चिकटत नाही, पण चुंबकाला अडवतही नाही. त्यामुळे स्पीकरवर, टॅबलेटच्या कव्हरवर किंवा चुंबकाच्या खिटीच्या पर्सवर घड्याळ ठेवलंत, तर आतली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकली जाऊ शकते आणि घड्याळ घोड्यासारखं पुढे धावायला लागतं. घाबरू नका, घड्याळवाल्याकडे डीमॅग्नेटायझर असतो. दोन मिनिटांचं काम.

७. तळ गाठून आलेली मंडळी

२०१९ मध्ये व्हिक्टर व्हेस्कोवो मारियाना गर्तेत जवळपास ११ किलोमीटर खाली उतरले. त्यांच्या पाणबुडीच्या यांत्रिक हाताला ओमेगाची प्रायोगिक घड्याळं बांधली होती आणि त्यांच्या केस पाणबुडीचं कवच बनवताना उरलेल्या टायटॅनियमच्या तुकड्यांतून कोरल्या होत्या. रोलेक्सनं २०२२ मध्ये ११,००० मीटरचं टायटॅनियमचं डीपसी चॅलेंज विक्रीला काढलं. व्यास ५० मिलिमीटर, काच साडेनऊ मिलिमीटर जाड. शर्टाच्या बाहीखाली जाईल ही आशा सोडा!

सैकोनं २०१४ मध्ये १००० मीटर लिहिलेली घड्याळं एका मानवरहित यानाला बांधून खाली सोडली. सेलवरचं ३,२४८ मीटरपर्यंत चाललं, ऑटोमॅटिक ४,२९९ मीटरपर्यंत. थोडक्यात, चांगली कंपनी छापते ते हातचं राखून.

८. हात हलवला तर दाब वाढतो?

दर १० मीटर पाण्याला सुमारे एक बार दाब. म्हणजे २०० मीटर म्हणजे २० बार. हौशी स्कूबा डायव्हिंगची मर्यादा ४० मीटर मानतात, आणि तारकर्ली-मालवणला पर्यटकांना पहिल्यांदा पाण्याखाली नेतात ते तर जेमतेम काही मीटर.

तरीही दुकानदार सांगतात, ‘पोहताना हात मारला की दाब कैक पटींनी वाढतो.’ गणित करून पाहा. पाण्यात सेकंदाला ५ मीटर वेगानं हात मारलात, जे बहुतेकांना जमणारही नाही, तरी वाढणारा दाब भरतो सव्वा मीटर पाण्याइतका. बस्स! घड्याळात पाणी शिरतं ते हात हलवल्यानं नव्हे, तर उघड्या राहिलेल्या चावीमुळे आणि वाळून कडक झालेल्या वॉशरमुळे.

९. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा

फिरतं कडं लावलं, डायलवर मोठे ठिपके काढले, की झालं डायव्हर? तसं नाही. आयएसओ ६४२५ या मानकाच्या अटी कडक आहेत. किमान १०० मीटर खोली, लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली चाचणी, मिट्ट काळोखात २५ सेंटिमीटरवरून वेळ वाचता येणं, धक्का आणि चुंबक सोसणं. घड्याळ चालू आहे हेही अंधारात कळायला हवं, म्हणून सेकंदकाट्यावरही एक चमकता ठिपका असतो. साध्या घड्याळांत नमुन्यादाखल काही नग तपासले तरी चालतात. इथे प्रत्येक नग पाण्याच्या परीक्षेला बसतो.

सगळ्यात मजेशीर चाचणी वाफेची. घड्याळ ४० ते ४५ अंशांपर्यंत तापवायचं, काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवायचा, मिनिटभरानं पुसायचा. काचेच्या आत धुकं दिसलं की नापास. दुकानात एवढंच करा, डायलवर नुसतं ‘वॉटर रेझिस्ट’ लिहिलंय की ‘डायव्हर्स’ हा शब्द आहे ते पाहा. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

१०. कडं एकाच दिशेला का फिरतं?

बेझलवरचा, म्हणजे या फिरत्या कड्यावरचा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा, की पुढे किती मिनिटं गेली ते कड्यावर थेट वाचता येतं. ब्लाँपेंनं १९५३ च्या फिफ्टी फॅदम्समध्ये हे कडं सुरक्षित केलं. आजच्या डायव्हरमध्ये ते फक्त घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेनं फिरतं. चुकून धक्का लागलाच, तर पाण्यात गेलेला वेळ जास्त दिसेल, कमी कधीच नाही. माणूस लवकर वर येईल, पण हवा संपेपर्यंत खाली राहणार नाही.

जमिनीवर या कड्याचे उपयोग विचारू नका! कुकर मंद आचेवर ठेवला, फिरवा. ‘पाच मिनिटांत आलोच’ असं मित्र फोनवर म्हणाला, फिरवा. पे अँड पार्कमधला तास, सलाइन बदलायची वेळ, मुलांच्या मोबाइलची मुदत, सगळीकडे फिरवा. फोन हुडकून, कुलूप उघडून टायमर लावण्याच्या आत काम झालेलं असतं.

११. टायटॅनियमला ओरखडे पडतात!

हा सगळ्यात मोठा भ्रमनिरास. ‘टायटॅनियम’ ऐकलं की आपल्याला वाटतं वज्रच. प्रत्यक्षात घड्याळात वापरलं जाणारं ग्रेड २, म्हणजे जवळपास शुद्ध टायटॅनियम, पृष्ठभागाच्या कठीणपणात नेहमीच्या ३१६एल स्टीलच्या फार पुढे नाही. ग्रेड ५ मध्ये सहा टक्के अॅल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असतं. ते बरंच कडक, त्याला चकाकी चांगली येते आणि पैसेही जास्त पडतात. तिसरा मार्ग पृष्ठभाग कठीण करण्याचा. सिटिझनचं सुपर टायटॅनियम त्यातलं, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे स्टीलच्या पाचपट कठीण.

साध्या टायटॅनियमची एक खोड मात्र लोभस आहे. ओरखडा पडला की उघड्या पडलेल्या धातूवर दुधावरच्या सायीसारखा ऑक्साइडचा थर लगेच धरतो. लख्ख चरा हळूहळू करडा होतो आणि बाकीच्यात मिसळून जातो. सहा महिन्यांनी घड्याळ नवं दिसत नाही, पण वापरलेलं शोभून दिसतं. ज्यांना आरशासारखी चमक हवी त्यांनी स्टीलच घ्यावं.

१२. थंडीत चटका नाही

डिसेंबरात पुण्यात पहाटे स्टीलचं घड्याळ हातात चढवताना अंगावर काटा येतो. टायटॅनियमचं तेवढं गार लागत नाही. त्याच आकाराच्या स्टीलपेक्षा ते कातडीतून बरीच कमी उष्णता ओढून घेतं, कारण मुळात त्याची घनताच कमी. दर घन सेंटिमीटरला टायटॅनियम साडेचार ग्रॅम, स्टील सुमारे आठ. म्हणजे जवळपास ४४ टक्के हलकं. काच आणि आतली यंत्रणा तेवढीच राहते, त्यामुळे अख्ख्या घड्याळात फरक थोडा कमी पडतो. तरी दिवसभर कीबोर्डवर हात चालवणाऱ्याला तो संध्याकाळी कळतो.

१३. हाडांना पसंत पडलेला धातू

स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांनी १९५२ मध्ये सशाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवली. प्रयोग संपल्यावर काढायला गेले, तर ती निघेचना, हाड तिला घट्ट धरून बसलं होतं. त्यातून दातांच्या इम्प्लांटचं शास्त्र उभं राहिलं आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात ते बसलं. जो धातू हाडाला चालतो तो कातडीला का नाही चालणार? ३१६एल स्टीलमध्ये दहा ते चौदा टक्के निकेल असतं, शुद्ध टायटॅनियममध्ये ते नसतं. मुंबईच्या मे महिन्यात घामानं मनगट खाजणाऱ्यांसाठी हा मुद्दा ११,००० मीटरपेक्षा फार मोठा.

१४. समुद्रानं परत केलेलं घड्याळ

१९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या लाँग रीफ किनाऱ्यावर सिटिझनचं एक डायव्हर सापडलं. १९७७ चं मॉडेल, स्टीलचं. होड्यांच्या बुडाला चिकटणाऱ्या बार्नेकल नावाच्या कवचधारी जिवांनी ते पार मढलेलं. आणि तरीही चालू! लाटांच्या हेलकाव्यांनीच बहुधा त्याला चावी दिली असावी. कंपनीनं पुढे त्याच रूपाचं नवं घड्याळ काढलं. या वेळी २०० मीटरचं आणि टायटॅनियममध्ये, ४१ मिलिमीटर व्यासाचं. रोज वापरायला सुटसुटीत असा तो आकार.

१५. बाँडलाही हलकंच हवं होतं

‘नो टाइम टू डाय’मध्ये डॅनिएल क्रेगच्या मनगटावर ओमेगाचं ४२ मिलिमीटरचं ग्रेड २ टायटॅनियमचं सीमास्टर आहे. ते ठरवण्यात क्रेगचाही हात होता. आता तर अॅपल वॉच अल्ट्राही २०२२ पासून टायटॅनियमच्या केसमध्ये येतं आणि ४० मीटरपर्यंत डायव्हिंगला चालतं. घालणाऱ्यांतले किती जण पाण्यात उतरतात ते विचारू नये.

घ्यायला निघालात? हे बघून घ्या

• मागचं झाकण: केस टायटॅनियमची आणि झाकण स्टीलचं, असं बऱ्याचदा असतं. कातडीला टेकतं ते झाकणच. निकेलची अॅलर्जी असेल तर बकल आणि पट्ट्याचीही चौकशी करा.

• लांबी, व्यास नव्हे: ४२ मिलिमीटर ऐकून घाबरू नका, ३९ ऐकून भुलू नका. पट्टा जिथे अडकतो त्या दोन टोकांमधलं अंतर मोजा. ती टोकं मनगटाच्या कडेबाहेर गेली, की घड्याळ मोठं.

• कडं फिरवून पाहा: ओल्या बोटांनी फिरायला हवं, पण बाहीला घासून फिरता कामा नये. टकटक आवाज खणखणीत हवा, आणि त्रिकोण बाराच्या ठिपक्यासमोर नेमका यायला हवा.

• चावीचे आटे: टायटॅनियमवर टायटॅनियम घासलं की ते एकमेकांना चावतात. चावी सैल होईपर्यंत उलटी फिरवा, हलकेच ओढा आणि परत बसवताना आधी किंचित उलटी फिरवून आटे जुळवा, मगच आवळा. जोर लावायचा नाही. किनाऱ्यावरून आल्यावर आधी चावी बंद आहे ना ते पाहून गोड्या पाण्याखाली धुवा. आट्यांत अडकलेला वाळूचा एक कण त्यांची वाट लावतो.

• पट्टा: डायव्हरच्या बकलमध्ये पोशाखावर घालण्यासाठी पट्टा लांबवायची सोय असते. ट्यूडरच्या पेलागोसमध्ये तर ती स्प्रिंगवर आपोआप सैल-घट्ट होते. आपल्याकडे पोशाख नसला तरी उकाड्यात दुपारी मनगट सुजतंच, तेव्हा ही सोय सोन्याची.

• वॉशरचा खर्च धरून चाला: रबराला वय असतं. दर दोन-तीन वर्षांनी दाबाची चाचणी करून घ्या आणि सेल बदलताना वॉशरही बदला. नाक्यावरच्या टपरीत झाकण उघडून सेल टाकला आणि दाब तपासला नाही, तर डायलवरचे २०० मीटर त्या क्षणी कागदोपत्री उरतात. गरम पाण्याची अंघोळ आणि साबणही वॉशरचे वैरी, बादलीत हात घालण्याआधी घड्याळ काढलेलं बरं.

• पॉलिश करून देतो म्हणणाऱ्याला: लांबूनच नमस्कार. कोपऱ्यावरच्या बफिंग मशीनला टायटॅनियम दाद देत नाही, आणि वरचा कठीण थर एकदा घासला गेला की तो परत येत नाही.

शेवटी हिशेब सोपा आहे. खोलीचा आकडा मित्रांना सांगायला ठेवा आणि पैसे मोजा ते वजन, झाकण, बकल आणि वॉशरसाठी. दुकानात घड्याळ हातावर चढवा, दहा मिनिटं दुसऱ्याच विषयावर गप्पा मारा. त्या दहा मिनिटांत हातात घड्याळ आहे हे तुम्ही विसरलात, तर ते तुमचं. सारखं मनगटाकडेच लक्ष जात असेल, तर ११,००० मीटरचं असलं तरी काउंटरवर परत ठेवा.